शाळेच्या खोलीतली हवा

(दुर्गमधल्या पद्मनाभपुर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मी मुलांचा डॉक्टर. शाळा सुटली की तिथला खोकला माझ्या दवाखान्यात येतो, आणि बरं वाटलं की मूल पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसतं. औषध मी देतो, पण त्या खोलीबद्दल मला कुणी विचारत नाही आणि शिक्षकांनाही कुणी विचारत नाही. म्हणून आज त्या खोलीतल्या हवेबद्दल बोलणार आहे.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. शाळेची इमारत कशी असावी ते त्यात सांगितलं आहे. सगळ्या ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. त्याच परिशिष्टाने पहिली ते पाचवीला वर्षाला 800 तास आणि सहावी ते आठवीला 1000 तास शिकवणं बंधनकारक केलं आहे. बेरीज केली तर आठ वर्षांत 7000 तास होतात. एवढे तास मुलाला आपण एका खोलीत बसवणार, हे कायद्याने ठरवलं. त्या खोलीतल्या हवेबद्दल मात्र परिशिष्टात एक शब्द नाही. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत दिवसभरात पेलाभर पाणी पितं, कधी तेही विसरतं. श्वास ते मिनिटाला वीसेक वेळा घेतं.

आपल्या दुर्ग-भिलाईत हवेचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात. ते साहजिक आहे. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या भट्टीच्या आधारावर हे गाव उभं राहिलं. नागपूर-विदर्भाकडून आलेल्या कितीतरी मराठी घरांची चूल तिच्यावर पेटली. 1956पर्यंत हा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानीच नागपूर, त्यामुळे येणंजाणं जुनंच होतं. झोतभट्ट्या, कोक ओव्हन, जामूलचा सिमेंट कारखाना, भातगिरण्या, जी. ई. रोडवरच्या ट्रकांची रांग, हे सगळं आपल्या हवेत आहे. केंद्र सरकारने 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा छत्तीसगडमधली तीन शहरं त्याच्या यादीत आली: रायपूर, कोरबा आणि आपलं भिलाई.

पण चिमणीकडे बोट दाखवलं की आपली जबाबदारी संपते, असं वाटू लागतं. याच गावात झालेलं एक संशोधन आपल्याला खोलीकडे परत आणतं. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातले गडकरी आणि शम्स परवेझ यांनी दुर्ग-भिलाईच्या शाळांशी संबंधित माणसांवर अभ्यास केला. 2008च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. माणूस जिथे जाईल तिथे त्याच्या श्वासाजवळची हवा खेचून घेणारी छोटी यंत्रं असतात, ती वापरून त्यांनी बारीक धूळ गोळा केली आणि ती कोणत्या वाटेने आली ते शोधलं. बाहेरच्या हवेतून, रस्त्यावरून, मातीतून की घराच्या आतून? माणसाच्या वाट्याला येणारी धूळ आतल्या हवेशी फार जवळून जुळते, आणि आत चालणारी कामं व अपुरं वायुविजन यांचा त्यात मोठा हात आहे, असं त्यातून पुढे आलं. पोलादाच्या गावात, जिथे सगळा दोष आपण आकाशाला देतो, तिथे हा निष्कर्ष निघाला. आपल्या प्रत्येक शिक्षकापर्यंत तो पोचायला हवा होता.

आता खोलीत काय घडतं ते पाहू. हिशेब सोपा आहे, सातवीचं मूल करू शकेल. वीस फूट बाय पंचवीस फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 1 लाख 40 हजार लिटर हवा मावते. चाळीस मुलं आणि एक शिक्षक मिळून तासाला साधारण 500 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. बाहेरच्या मोकळ्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाखांत 420च्या आसपास असतं. दारं-खिडक्या घट्ट लावल्या तर अवघ्या दहा मिनिटांत ते 1000वर पोचेल आणि तासिका संपेपर्यंत 3000 ओलांडेल. प्रत्यक्षात फटीफटींतून थोडी हवा येते, म्हणून इतकं वेगाने होत नाही. पण हिवाळ्यात दार लोटून घेतलेल्या वर्गात दुपारी बाहेरून पाऊल टाकलं की जो कोंदट वास येतो, तो याच हिशेबाचा पुरावा आहे. आत बसलेल्यांना तो वास येत नाही, कारण नाक सरावतं.

हा 1000चा आकडा दीडशे वर्षांहून जुना आहे. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे आरोग्यशास्त्रज्ञ होते. 1858 साली त्यांनी खोल्यांतली हवा मोजून सांगितलं की कार्बन डायऑक्साइड हजारात एकापेक्षा वाढला तर ती हवा माणसांनी बराच वेळ बसण्याजोगी राहिली नाही. त्यांनी शाळेची खोलीही मोजली आणि तिथे त्याच्या कितीतरी पट वायू सापडला. एवढ्या प्रमाणात हा वायू विष नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना तो हवा होता खूण म्हणून. तो वाढला याचा अर्थ एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो आहे. खोलीत एक मूल गोवराचं, कांजिण्यांचं, फ्लूचं किंवा क्षयाचं असेल तर त्याच्या श्वासातले जंतूही त्याच हवेत साठत असतात. पेटेनकोफरांचा आणखी एक आग्रह होता: घाण खोलीतच असेल तर आधी ती बाहेर काढा, खिडकीची गोष्ट नंतर. तोच क्रम मी आज धरतो.

आपल्या वर्गातली घाण म्हणजे मुख्यतः धूळ. सकाळी शाळा भरण्याच्या थोडं आधी कोरडा झाडू फिरतो. जड कण खाली बसतात, बारीक कण कितीतरी वेळ तरंगत राहतात, आणि त्याच वेळी मुलं आत येतात. आपल्याकडे अजून कितीतरी प्राथमिक वर्गांत मुलं टाटपट्टीवर बसतात. ही टाटपट्टी रोज झटकली जाते, बहुतेक वेळा वर्गाच्या दारातच. जमिनीवर बसलेल्या मुलाचं नाक फरशीपासून दोन-अडीच फुटांवर असतं, आणि पावलांनी उडणारी धूळ त्याच थरात दाट असते. उपाय अगदी साधा आहे. झाडू शाळा सुटल्यावर फिरवावा, सकाळी फक्त ओलं पोतेरं. टाटपट्टी मैदानाच्या कडेला नेऊन, वारा वर्गापासून दूर जात असेल अशा बाजूला झटकावी आणि उन्हात टाकावी. याला पैसा लागत नाही, सांगणारा माणूस लागतो.

खडूबद्दल पालक मला सर्वांत जास्त विचारतात. खडूची भुकटी त्रासदायक आहे, दमा असलेल्या मुलाला पहिल्या बाकावरून उठवावं, फळा ओल्या फडक्याने पुसावा, हे सगळं बरोबर. पण खडूचे कण बऱ्यापैकी मोठे असतात. त्यातले पुष्कळ लवकर खाली बसतात किंवा नाका-घशात अडकतात. मुख्य दोषी मी त्याला मानत नाही. त्याहून कितीतरी घातक आहे तो धूर.

मध्यान्ह भोजनाचा निर्णय मी या देशातल्या मुलांसाठी झालेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींमध्ये मोजतो. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि कोट्यवधी मुलांच्या पोटात दुपारचं गरम जेवण गेलं. पण जिथे ते लाकडावर शिजतं आणि स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून असते, तिथे अकरा वाजता डाळीला उकळी येते तेव्हा शेजारच्या वर्गातही धूर भरतो. चुलीच्या धुराचं मोजमाप कर्क स्मिथ या संशोधकाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत केलं होतं. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात किती कण जातात हे त्यांनी जगाला दाखवलं. शाळेत ती बाई म्हणजे बचतगटाची स्वयंपाकीण. तिचा खोकलाही या हिशेबात धरा. गॅस आलेला असूनही सिलिंडर संपला की पुन्हा लाकूड, अशी स्थिती असेल तर दुसऱ्या सिलिंडरची सोय करणं हे आरोग्याचं काम आहे, निव्वळ स्वयंपाकाचं नाही.

दुसरा धूर पाचोळ्याचा. थंडीत शाळेच्या आवारात झाडून गोळा केलेली पानं पेटवायची पद्धत आहे, मुलं भोवती हात शेकत उभी राहतात. उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016मध्ये 5000 रुपयांचा दंड ठरवला, मोठा ढीग जाळला तर 25,000. आवाराच्या कोपऱ्यात खड्डा काढून पानं कुजवली तर खतही होतं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. उन्हाळाभर बंद राहिलेल्या खोल्या जूनच्या मध्यात उघडतात, लगेच पाऊस सुरू होतो, गळक्या भिंतीवर काळे-हिरवे डाग चढतात. ती बुरशी आहे. ओल आणि बुरशी यांचा दमा, शिंका आणि घरघरीशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली स्वतंत्र मार्गदर्शिकेत मांडला. रंगाचा हात मारून डाग झाकू नका. गळती शोधा.

आता मुलांच्या फुप्फुसांबद्दल. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध दुप्पट नाही, सोळा पट वाढतो. म्हणून ज्या सुजेने मोठ्या माणसाला फक्त खोकला येतो, त्याच सुजेने पाच वर्षांच्या मुलाला धाप लागते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. शिवाय फुप्फुसं अजून घडत असतात. वायुकोश बालपणात वाढतात आणि फुप्फुसांची ताकद वयाच्या अठरा-वीसपर्यंत चढत जाते. त्या काळात जेवढी कमाई होईल तेवढ्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं.

दिल्लीच्या शाळकरी मुलांचा एक मोठा अभ्यास कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी केला. छत्तीस शाळांतली अकरा हजारांहून जास्त मुलं तपासली. त्यांतल्या 43.5 टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातल्या मुलांत हे प्रमाण 25.7 टक्के होतं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात 1993पासून शाळकरी मुलांच्या एकामागून एक तुकड्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. 2004मध्ये संशोधकांना दिसलं की जास्त प्रदूषित गावांत वाढलेल्या मुलांची फुप्फुसं अठराव्या वर्षी स्पष्टपणे कमी भरली. पण तिथलेच 2015चे निष्कर्ष मी पालकांना आवर्जून सांगतो. मधल्या काळात तिथली हवा सुधारली होती. पंधराव्या वर्षी फुप्फुसं कमजोर असलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या तुकडीत 7.9 टक्के होतं, ते पुढच्या तुकड्यांत 6.3 आणि मग 3.6 टक्क्यांवर आलं. गाव तेच होतं. हवा सुधारली आणि नंतरच्या मुलांची छाती मोकळी झाली.

जंतूंच्या बाबतीतही हेच. 1937 ते 1941 या काळात अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत विल्यम वेल्स यांनी वर्गाच्या वरच्या भागातली हवा अतिनील दिव्यांनी शुद्ध केली आणि त्या वर्गांत गोवराचा फैलाव कमी झाल्याचं दाखवलं. कोविडच्या काळात इटलीच्या मार्के प्रांतात दहा हजारांवर वर्गखोल्यांची तुलना झाली. जिथे यंत्राने पुरेशी ताजी हवा खेळवली जात होती त्या खोल्यांत संसर्ग लक्षणीय कमी होता. कॅलिफोर्नियातल्या 162 वर्गखोल्यांच्या पाहणीत ताजी हवा वाढली तशी आजारपणाची गैरहजेरी घटली. हजेरीपट हा शिक्षकांच्या हातातला आरोग्याचा कागद आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोणती मुलं पुन्हा पुन्हा गैरहजर राहतात ते त्यावर बघा.

इथे मला दम्याबद्दल मोकळेपणाने बोलायचं आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून जास्त भारतात होतात. इतकी तफावत हवेने एकट्याने पडत नाही. आपण आजाराला नाव देत नाही म्हणून पडते. पालक म्हणतात, ‘ॲलर्जी आहे’, ‘बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल’, ‘पंप नको डॉक्टर, सवय लागेल’. पंपाची सवय लागत नाही. सालब्युटामॉलच्या गोळीत 2 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग, आणि तो थेट जिथे हवा तिथे पोचतो. ज्याला आपण जोरदार औषध समजून घाबरतो, तेच सर्वांत कमी औषध आहे. ज्याला वारंवार त्रास होतो त्याला आराम देणाऱ्या पंपाबरोबर सूज रोखणारा पंप रोज घ्यावा लागतो, बरं वाटत असतानाही. शाळेत मुलाने पंप दप्तरात ठेवावा, गरज पडली तर वर्गात सर्वांसमोर घ्यावा, आणि कुणी हसू नये. शिक्षकांनी एवढं ओळखावं: पळाल्यावर खोकणारं मूल, हसता हसता खोकल्याची उबळ येणारं मूल, रात्री खोकून सकाळी पेंगणारं मूल. त्याला ‘आळशी’ म्हणू नका, पालकांना बोलवा.

पालकांनो, शाळेवर सगळं टाकून तुम्हाला सोडणार नाही. गडकरी-परवेझ यांच्या अभ्यासाचा रोख तुमच्या घराकडेही आहे. थंडीत आपल्या शेजारच्या छत्तीसगडी घरांत गोरसी पेटते, तिच्यात भुसा आणि छेना, म्हणजे आपल्या गोवऱ्या, धुमसत राहतात. बाळंतिणीच्या खोलीत तर ती हमखास असते. भिलाईच्या बाजूला कोळशाची सिगडी. बंद खोलीत ही दोन्ही जीवघेणी आहेत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डासांची एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराएवढे असतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळलं. मच्छरदाणी लावा. ती जुनी आहे, स्वस्त आहे, आणि तिचा धूर होत नाही.

आता अवघड प्रश्न. कुणी म्हणेल, ‘डॉक्टर, खिडकी उघडा म्हणता, पण बाहेर काय आहे?’ प्रश्न योग्य आहे. थंडीत पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही, वस्तीवरच पसरून राहतो. ऊन चढेपर्यंत हीच स्थिती असते. त्या वेळात रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवून मैदानाकडच्या आणि छताजवळचे झरोके उघडे ठेवावेत. ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात, आणि मधल्या सुट्टीत खोली रिकामी करून दारंही. धावण्याची कवायत सकाळी सातऐवजी नंतर घ्यावी. धूर दिसतो म्हणून दिवसभर सगळं बंद ठेवणं हे उत्तर नव्हे, कारण बारीक कण बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतात आणि आतले कण व जंतू बाहेर जात नाहीत. ज्या खाजगी शाळा वातानुकूलित वर्गांची जाहिरात करतात त्यांच्या पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी: भिंतीवरचा साधा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. त्या वर्गात जास्त शुल्क भरून मुलं एकमेकांचा श्वास घेत असतात.

आणि बाहेरची हवा खिडकीने सुधारत नाही. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये ती 5वर आणली. या दोन आकड्यांमधलं अंतर शाळेने भरून काढायचं नाही. ते कारखाने, रस्ते आणि पालिका यांचं काम आहे आणि त्यासाठी मोठ्या माणसांनी भांडलं पाहिजे. कॅलिफोर्नियात मुलांची छाती सुधारली ती कायद्याने धूर कमी केल्यामुळे.

तोवर जे आपल्या हातात आहे ते मोजायला सुरुवात करू. इंग्लंडमध्ये 2021च्या शरद ऋतूत सरकारने शाळांना कार्बन डायऑक्साइड मोजणारे तीन लाखांवर मीटर वाटले. असा मीटर काही हजार रुपयांत मिळतो, एका शाळेला एक पुरतो, आठवड्याला एक खोली मोजायची. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो सातवी-आठवीच्या मुलांच्या हाती द्यावा. आकडा 1000च्या वर गेला की खिडकी कुणी उघडायची, हे मुलंच ठरवतील.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम कलम 22ने याच समितीला दिलं आहे. परिशिष्टात हवेचा उल्लेख नसला तरी आराखड्यात तो लिहायला कुणाची मनाई नाही. तुमच्यापैकी जे या समित्यांवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत चार ओळी लिहून घ्याव्यात: झाडू शाळा सुटल्यावर, लाकडाऐवजी गॅस, गळक्या भिंतींची दुरुस्ती, आणि एक मीटर. खाजगी शाळांच्या पालकांनी याच चार गोष्टी पालकसभेत लेखी मागाव्यात. पत्राचा मसुदा हवा असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा, आजच लिहून देतो.